उपकाराचे ओझे : डोरोथी सेयर्स यांच्या कादंबऱ्यांतील दोन जखमी माणसे

प्रेमकथा आणि रहस्यकथा एकाच कादंबरीत नांदू लागल्या की एक हिशेब वाचक न बोलता मान्य करतो. नायिका संकटात सापडते, नायक तिला वाचवतो आणि शेवटच्या प्रकरणात ती त्याची होते. संकट जितके जीवघेणे, तितकी तिच्या होकाराची खात्री अधिक. या हिशेबात जीव वाचवणे हे कर्ज असते आणि प्रेम ही त्याची परतफेड. डोरोथी एल. सेयर्स (१८९३–१९५७) या इंग्रज लेखिकेने १९३० साली याच हिशेबावर 'स्ट्राँग पॉयझन' ही कादंबरी लिहायला घेतली. आपल्या लोकप्रिय गुप्तहेराचे, लॉर्ड पीटर विम्झीचे, लग्न लावून द्यावे आणि त्याच्यापासून मोकळे व्हावे, असा त्यांचा बेत होता. पण जिला फासावरून सोडवले तिने सोडवणाऱ्याच्या गळ्यात माळ घालावी, हे स्वाभिमान राखून कसे घडेल, या प्रश्नापाशी त्या अडल्या. हे पुढे १९३७ साली त्यांनी स्वतःच एका निबंधात सांगितले आहे.

तो प्रश्न सोडवायला आणखी तीन कादंबऱ्या आणि सात वर्षे लागली : 'हॅव हिज कार्कस' (१९३२), 'गॉडी नाइट' (१९३५) आणि 'बसमन्स हनिमून' (१९३७). या चार पुस्तकांकडे एकच दीर्घ कादंबरी म्हणून पाहिले, तर दोन आघातग्रस्त माणसांच्या प्रेमाची ती गोष्ट ठरते. त्यांपैकी एक महायुद्धातून परतलेला आहे आणि दुसरी न्यायालयातून. या दोन्ही जखमांना सेयर्स यांनी एका तराजूत तोलले, हे त्यांचे वेगळेपण. मात्र त्याच तराजूत कोणाला जागा मिळाली नाही, हेही तपासणे आवश्यक आहे.

युद्धाची जखम

'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय वाङ्मयात आला तो १९१५ साली, 'लॅन्सेट'मधील चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून. तोफगोळा जवळ फुटल्याच्या धक्क्याने मेंदूला शारीरिक इजा होते, अशी तेव्हाची समजूत होती. पण तोफगोळ्यापासून दूर असलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागली : थरकाप, वाचा जाणे, निद्रानाश, दुःस्वप्ने. मग वाद सुरू झाला. ही इजा की दुर्बळता? आजार की भित्रेपणा? वाद केवळ शब्दांचा नव्हता. रणांगण सोडणे, भित्रेपणा यांसारख्या आरोपांखाली गोळ्या घातल्या गेलेल्या ३०६ ब्रिटिश व साम्राज्याच्या सैनिकांना मरणोत्तर माफी मिळाली ती २००६ साली. दुसरीकडे, एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर अधिकाऱ्यांशी बोलून त्यांच्यावर उपचार करीत होते. सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे कवी १९१७ साली तेथेच होते. आठवण दडपल्याने जखम चिघळते, हे रिव्हर्स यांचे सूत्र. परंतु ते रुग्णालय अधिकाऱ्यांसाठी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. या लेखाच्या उत्तरार्धात तिची गरज पडेल.

इंग्रजी कादंबरीने हा विषय लवकर हाती घेतला. रिबेका वेस्ट यांच्या 'द रिटर्न ऑफ द सोल्जर' (१९१८) मधील सैनिक आपली अलीकडची पंधरा वर्षे विसरून परततो. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मधील सेप्टिमस डॉक्टरांच्या तावडीतून सुटण्यासाठी खिडकीतून उडी घेतो. या दोन कृतींच्या मधोमध, १९२३ साली, 'हूज बॉडी?' या पहिल्याच कादंबरीत लॉर्ड पीटर विम्झी अवतरला. एका डोळ्यावर भिंग, तोंडात सतत चटपटीत बडबड, दुर्मिळ ग्रंथांचा शौक. वाचकाला वाटते, हा तर विनोदी सरदारपुत्र. आणि मग एका रात्री, गुन्हेगार कोण हे कळल्यावर, तो अंथरुणातून उठतो. त्याला तोफांचे आवाज ऐकू येऊ लागतात. आपण खंदकात आहोत, शत्रू जमिनीखालून पोखरत येतो आहे, असे त्याला वाटते. युद्धात त्याच्या हाताखाली सार्जंट असलेला आणि आता त्याचा सेवक असलेला बंटर त्याला लष्करी भाषेतच समजावून पुन्हा झोपवतो.

हा प्रसंग रहस्याच्या उलगड्याला मुळीच आवश्यक नाही. पण बडबडीच्या मुखवट्यामागे काय आहे, ते तो दाखवतो. आणि सेयर्स यांनी आणखी एक धारदार योजना केली. या कादंबरीतील खुनी सर ज्युलियन फ्रीक हा मज्जाविकारांचा नामांकित डॉक्टर आहे. सदसद्विवेकबुद्धी ही मेंदूतील एक शारीरिक बाब आहे, असे मानणारा. विम्झी त्याच्याकडे रुग्ण म्हणून जातो आणि आपली जखम उघडी करून दाखवतो. उपचार करणारा हात सुई घेऊन पुढे येतो, तो मारण्यासाठी. वूल्फ यांच्या कादंबरीतील डॉक्टरांवरचा राग यापुढे सौम्य वाटावा.

विम्झीच्या आजाराचे मूळ कशात आहे? १९१८ साली तोफगोळ्याने खचलेल्या मातीखाली तो गाडला गेला होता, हे खरे. पण त्याची आई, ड्यूकची विधवा, 'बसमन्स हनिमून'मध्ये सुनेला जे सांगते ते अधिक महत्त्वाचे आहे. युद्धानंतर बराच काळ त्याला घरातल्या नोकरांना साधी आज्ञाही देता येत नव्हती. कारण चार वर्षे त्याने आज्ञा दिल्या आणि माणसे मेली. आज ज्याला 'नैतिक इजा' म्हटले जाते, आणि ज्याची चर्चा जोनाथन शे यांच्या १९९४ च्या व्हिएतनाम युद्धाविषयीच्या पुस्तकापासून रूढ झाली, तिचे हे नेमके वर्णन आहे. आपल्यावर जे ओढवले त्यापेक्षा आपल्या हातून जे घडले ते अधिक सलते. गुप्तहेराचा छंद ही म्हणूनच विम्झीसाठी दुधारी गोष्ट ठरते. सत्य शोधणे त्याला पुन्हा उभे करते. पण प्रत्येक शोधाच्या शेवटी फास असतो, आणि तो त्याच्याच बोटाच्या खुणेने आवळला जातो.

मालिकेचा आकृतिबंध येथे उपकारक ठरला. एकाच कादंबरीत आघातग्रस्त माणूस बरा तरी करावा लागतो, नाहीतर मारावा तरी लागतो. विम्झी चौदा वर्षे पुस्तकामागून पुस्तकात बरा होत राहिला आणि पुन्हा ढासळत राहिला. आघाताची कालगती अशीच असते.

न्यायालयाची जखम

'स्ट्राँग पॉयझन'चा प्रारंभ न्यायाधीशांच्या समारोपाच्या भाषणाने होतो. आरोपीच्या पिंजऱ्यात हॅरिएट व्हेन उभी आहे. ती रहस्यकथा लिहून पोट भरते. ज्याच्याशी ती लग्नाविना राहत होती त्या फिलिप बॉइज या लेखकाला आर्सेनिक देऊन मारल्याचा तिच्यावर आरोप आहे. तिचे त्याच्याशी बिनसले होते, आणि त्याचे कारण न्यायालयाला विचित्र वाटते : बॉइजने शेवटी तिला लग्नाची मागणी घातली होती! लग्नसंस्थेवर आपला विश्वास नाही, असे सांगून त्याने तिला आपल्याबरोबर राहायला राजी केले. समाजाचा रोष पत्करून ती राहिली. मग, तिने पुरेशी निष्ठा सिद्ध केली असे वाटल्यावर, बक्षीस द्यावे तसे त्याने लग्न पुढे केले. आपली परीक्षा घेतली जात होती, हे तिला तेव्हा कळले, आणि ती निघून गेली.

हा अपमान खुनाला पुरेसा आहे, असे सरकारी पक्षाला वाटते. ज्यूरीचे एकमत होत नाही, म्हणून ती त्या दिवशी वाचते. पुढे विम्झी खरा गुन्हेगार शोधून काढतो. ती निर्दोष सुटते. पण निर्दोष सुटणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. खटल्याने तिच्या पुस्तकांचा खप वाढतो, हा आणखी एक ओरखडा. 'हॅव हिज कार्कस'मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकावर गळा चिरलेला देह तिला आढळतो, तेव्हा ती छायाचित्रे घेते, पुरावा जपते आणि पोलिसांच्या बरोबरीने वर्तमानपत्रालाही स्वतःच बातमी देते. संशय आपल्यावर येणारच, हे तिला ठाऊक आहे. एकदा पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या व्यक्तीची ही सावधगिरी सेयर्स यांनी कोणत्याही वैद्यकीय परिभाषेविना टिपली आहे.

तशी परिभाषा उपलब्धही नव्हती. सैनिकाच्या जखमेला वादग्रस्त का होईना, नाव होते. स्त्रीच्या अशा जखमेला 'हिस्टेरिया' हा जुना शिक्का तेवढा होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आघातोत्तर तणावविकाराचा समावेश १९८० साली झाला. रणांगणातून परतलेला सैनिक आणि घरात, नात्यात छळ सोसलेली स्त्री यांची लक्षणे एकाच चौकटीत पाहायला हवीत, हे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात ठामपणे मांडले. त्याच्या सहा दशके आधी एका लोकप्रिय लेखिकेने हे दोन रुग्ण समोरासमोर बसवले होते.

लेखिकेच्या आयुष्यात याचे धागे सापडतात. जॉन कूर्नोस या लेखकाशी असलेल्या त्यांच्या संबंधांची सावली फिलिप बॉइजवर पडली आहे, याबद्दल चरित्रकारांचे साधारण एकमत आहे. १९२४ साली त्यांना, दुसऱ्या एका पुरुषापासून, विवाहबाह्य मुलगा झाला. तो एका मावस बहिणीकडे वाढला आणि लेखिकेच्या हयातीत ही गोष्ट जगापासून लपून राहिली. १९२६ साली त्यांनी ॲथर्टन फ्लेमिंग या पत्रकाराशी लग्न केले. त्याची प्रकृती युद्धाने पोखरलेली होती. म्हणजे दोन्ही जखमा त्यांना जवळून माहीत होत्या. पण या कादंबऱ्यांना आत्मचरित्र मानणे सोपे आणि चूक आहे. आयुष्यात जे सुटले नाही ते त्यांनी कलाकृतीचा प्रश्न म्हणून पुन्हा मांडले, एवढे म्हणता येते.

कृतज्ञता हा अडथळा

तुरुंगातल्या पहिल्याच भेटीत विम्झी हॅरिएटला लग्नाची मागणी घालतो. आज वाचताना हे खटकते, आणि ते खटकावे असेच लिहिले आहे. जिचा जीव त्याच्या हाती आहे तिला तो हे विचारतो आहे. पुढे त्याला ते उमगते. दुसऱ्या कादंबरीतील त्यांचे मोठे भांडण याच मुद्द्यावर होते. आपण जिवंत आहोत याबद्दल सतत ऋणी राहायचे, ही हॅरिएटची कोंडी. आपण जे काही करू ते तिला उपकारच वाटणार, ही त्याची. बॉइजने निष्ठेच्या मोबदल्यात लग्न देऊ केले. विम्झीशी लग्न केले तर प्राणांच्या मोबदल्यात होईल. व्यवहार बदलला, पण तोही व्यवहारच.

गंमत अशी की रहस्यकथेच्या तत्कालीन नियमांना प्रेम मुळात नकोच होते. एस. एस. व्हॅन डाइन यांच्या १९२८ च्या नियमावलीत प्रणयाला मज्जाव आहे. स्वतः सेयर्स यांनी त्याच वर्षीच्या आपल्या प्रसिद्ध संकलनाच्या प्रस्तावनेत, रहस्यकथेतील प्रेमप्रकरणे बहुधा अडगळ ठरतात, असे मत मांडले होते. दोनच वर्षांनी त्यांनी तो बंध झुगारला. मात्र प्रेमाला कथानकाची शोभा न बनवता त्यांनी त्यालाच कोडे केले. 'ही स्त्री या पुरुषाला होकार कसा देऊ शकेल?' हा प्रश्न 'खून कोणी केला?' या प्रश्नाइतकाच काटेकोर तर्क मागू लागला.

बरोबरीची भूमी

त्या कोड्याची उकल 'गॉडी नाइट'मध्ये होते. इंग्रजी महाविद्यालयांत माजी विद्यार्थ्यांचा जो मेजवानीचा मेळावा भरतो त्याला 'गॉडी' म्हणतात. ऑक्सफर्डमधील काल्पनिक श्रूझबरी या स्त्रियांच्या महाविद्यालयात हॅरिएट अशाच मेळाव्यासाठी परतते. तेथे घाणेरडी निनावी पत्रे येत आहेत. हस्तलिखितांची नासधूस होते आहे. एक चिठ्ठी खुद्द हॅरिएटच्या झग्याच्या बाहीत निघते, आणि तिचा भूतकाळ तिच्यापुढे पुन्हा येऊन उभा राहतो. या कादंबरीत खून होत नाही. तरीही भय सतत जाणवते.

स्थळाची निवड ऐतिहासिक दृष्ट्या अर्थपूर्ण आहे. सेयर्स सॉमरव्हिल महाविद्यालयात १९१२ ते १९१५ शिकल्या आणि आधुनिक भाषांत त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. ती त्यांना मिळाली १९२० साली, अशा पदव्या घेणाऱ्या स्त्रियांच्या पहिल्या तुकडीत. १९२७ साली विद्यापीठाने स्त्रियांच्या संख्येवर मर्यादा घातली. केंब्रिजने तर पूर्ण पदवी १९४८ पर्यंत नाकारली. श्रूझबरीतील बायकांची धास्ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. एक निनावी पत्र बाहेर फुटले तरी 'शिकलेल्या बायका अशाच' म्हणणारे टपून बसले आहेत.

या भूमीवर विम्झी पाहुणा आहे. हॅरिएट येथे पदवीधर आहे, विदुषी आहे. येथे तिला कोणी वाचवलेले नाही. तो मदतीला येतो, पण तिला धोक्यापासून दूर राहा असे सांगत नाही. धोका पत्करण्याचा तिचा हक्क तो मान्य करतो. गळा दाबणाऱ्याच्या हातून सुटायचे कसे, हे तिला शिकवतो आणि गळ्याच्या रक्षणासाठी कुत्र्याचा भक्कम पट्टा घेऊन देतो. माणसे सदैव मृत्यूच्या तोंडी पाठवण्याच्या आठवणीने पछाडलेल्या पुरुषासाठी हा सोपा निर्णय नाही. प्रेमाची परीक्षा येथे त्याची आहे.

दुसरा प्रसंग लेखनाविषयी आहे. हॅरिएट लिहीत असलेल्या कादंबरीतील विल्फ्रिड हे पात्र लाकडी वाटते. त्याला खऱ्या माणसाच्या भावना दे, असे विम्झी सुचवतो. ते लिहायला फार यातना होतील, असे ती म्हणते. त्यावर तो तिची समजूत घालत नाही. पुस्तक चांगले होणार असेल तर यातनांची पर्वा कशाला, असा उलट प्रश्न करतो. रिव्हर्स यांचे सूत्र येथे साहित्यशास्त्र होऊन येते. ही दयेची भाषा नाही, ही समव्यावसायिकाची भाषा आहे. आणि ती हॅरिएटला पुरुषाकडून प्रथमच ऐकू येते.

म्हणून शेवटची मागणी लॅटिनमध्ये होते, विद्यापीठाच्या सभेत संमती विचारण्याच्या पारंपरिक शब्दांत, तिच्या पदवीचे स्त्रीलिंगी संबोधन वापरून. पंधरा वर्षांपूर्वी कोणत्याही स्त्रीला ऑक्सफर्डमध्ये हे संबोधन लावता आले नसते. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३७ साली 'स्क्रूटिनी'मध्ये सेयर्स यांच्यावर कठोर टीका केली : ही बौद्धिकतेचा आभास देणारी लोकप्रिय कादंबरी असून तिच्यातील विद्यापीठ हे स्वप्नरंजन आहे. आक्षेपात तथ्य आहे. ऑक्सफर्डचे हिरवे आवार येथे फारच पवित्र दिसते. पण या कथेत त्या आवाराचे काम वेगळे आहे. कर्जाचा हिशेब जेथे लागू होत नाही अशी जागा तिला हवी होती.

तिसरी जखमी

मात्र 'गॉडी नाइट'मध्ये आघात सोसलेले आणखी एक माणूस आहे. निनावी पत्रे लिहिणारी ॲनी ही महाविद्यालयातली मोलकरीण. तिचा नवरा अभ्यासक होता. प्रबंधाला छेद देणारा एक पुरावा त्याने दडपला, मिस डी व्हाइन या विदुषीने ते उघडकीस आणले, त्याची कारकीर्द संपली आणि त्याने आत्महत्या केली. दोन मुलींसह उरलेली ॲनी त्याच वर्गाच्या बायकांच्या खोल्या झाडू लागली. पकडली गेल्यावर ती अध्यापिकांच्या सभेत जे बोलते ते कादंबरीतील सर्वांत उघडे, सर्वांत जळजळीत भाषण आहे : एका कागदाच्या तुकड्यासाठी तुम्ही माणूस मारलात.

सत्यनिष्ठा श्रेष्ठ, हा कादंबरीचा कौल आहे. मिस डी व्हाइनला एवढाच खेद होतो की त्या माणसाचे पुढे काय झाले, याची आपण चौकशी केली नाही. हा खेद प्रामाणिक आहे, पण तो तेथेच थांबतो. ॲनीची रवानगी वैद्यकीय देखरेखीखाली होते आणि पुढच्याच पानांवर प्रेमिकांचे मीलन होते. हॅरिएटला बरे होण्यासाठी मैत्रिणी, ग्रंथालय, लेखन आणि पाच वर्षांची मुदत मिळाली. ॲनीला फक्त निदान मिळाले. बंटरचेही तसेच. तो त्याच खंदकांतून आला. विम्झीच्या दुःस्वप्नांची तो निगा राखतो. त्याच्या स्वप्नांत काय येते, हे कोणीही विचारत नाही. क्रेगलॉकहार्टचा दरवाजा अधिकाऱ्यांसाठी उघडा होता. या कादंबऱ्यांचाही बराचसा तसाच आहे.

फाशीची सकाळ

ही जाणीव सेयर्स यांना अजिबात नव्हती, असे मात्र म्हणवत नाही. 'बसमन्स हनिमून'ची शेवटची प्रकरणे याची साक्ष देतात. मधुचंद्रासाठी घेतलेल्या खेड्यातील घराच्या तळघरात प्रेत सापडते. खुनी निघतो फ्रँक क्रचली, बागकाम आणि मोटारदुरुस्ती करणारा एक तरुण. मृताकडे त्याचे ४० पौंड अडकलेले. तो उद्धट आहे, अप्रिय आहे, त्याला पश्चात्ताप नाही. विम्झी त्याच्या बचावासाठी नामांकित वकील देतो, आणि शिक्षा झाल्यावर त्याची क्षमा मागतो. ती त्याला मिळत नाही.

रहस्यकथा बहुधा अटकेपाशी संपते. सेयर्स पुढे जातात, थेट फाशीच्या आदल्या रात्रीपर्यंत. विम्झीला पुन्हा जुना झटका येतो. तो एकटाच येरझाऱ्या घालत राहतो आणि हॅरिएट वाट पाहते. तिला जाऊन त्याला धरता आले असते. पण हाक त्याने मारावी लागेल, हे ती जाणते. पहाटे तो तिच्याकडे येतो. आठ वाजतात तेव्हा तो तिच्या कुशीत रडत असतो.

कधीकाळी याच घटकेची वाट कोठडीत पाहणारी स्त्री आता त्या घटकेत दुसऱ्याला सावरते आहे. तिच्याइतकी ती सकाळ कोणाला कळणार? सुटका करणारा आणि सुटलेली, ही विभागणी येथे मिटते. आणि तरी लेखिका वाचकाला निर्धास्तपणे आनंदी होऊ देत नाही, कारण त्याच क्षणी दुसरीकडे एक माणूस खरोखरच लटकतो आहे, ज्याला हाक मारायला कोणी नाही. सेयर्स यांनी विम्झीची यानंतर एकही कादंबरी पूर्ण केली नाही. त्यांच्या चार पुस्तकांनी दोघांचे कर्ज फेडले. तिसऱ्याचे कर्ज मात्र विम्झीच्या रडण्यात शिल्लक राहते, आणि ते शिल्लक ठेवण्याइतकी ही लोकप्रिय लेखिका प्रामाणिक होती.